‘अस्पर्श’ जंगलाचाही इतिहास असतो : पेरूच्या मनू राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट



पर्यावरणशास्त्र किंवा वन्यजीव या विषयांतल्या कुठल्याही चार सिनॉप्सिस उघडून बघा. निदान दोनमध्ये ‘अभ्यासक्षेत्र’ या मथळ्याखाली एक वाक्य सापडेल : ‘निवडलेले क्षेत्र हे तुलनेने अस्पर्श जंगल आहे.’ हे वाक्य लिहायला सोपं असतं आणि त्याला सहसा कोणी हरकतही घेत नाही. पण तुमच्या पुढच्या चार-पाच वर्षांच्या कामाचा पाया बऱ्याचदा त्याच एका वाक्यावर उभा असतो. कारण आपण एखाद्या जागेला ‘अस्पर्श’ म्हणतो, म्हणजे ‘बाकी ठिकाणी काय बिघडलं ते मी या जागेशी तुलना करून सांगणार’ असं म्हणत असतो. आपली बेसलाइन तिथेच ठरते.

म्हणून आज आपण जगात ‘अस्पर्श’ या शब्दावर ज्या जागेचा सगळ्यात पक्का दावा आहे अशा एका ठिकाणी जाऊ, आणि तो दावा कितपत टिकतो ते तपासू. ती जागा म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं मनू राष्ट्रीय उद्यान. (नावावरून आपला मनू आठवेल, पण त्याचा इथे काही संबंध नाही. मनू ही तिथली एक नदी आहे.) मी तिथे गेलेले नाही. पण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला मनूमधून निघालेले शोधनिबंध वाचावेच लागतात, आणि एकामागून एक वाचत गेलं की त्यामागचा इतिहास हळूहळू दिसायला लागतो. तोच तुम्हाला सांगायचा आहे.

आधी थोडा भूगोल

मनूचं क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. अंदाज यावा म्हणून सांगते, आपला सगळा पुणे जिल्हा सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे पुणे जिल्ह्याहून मोठं एकच राष्ट्रीय उद्यान. त्याचं एक टोक अँडीज पर्वतावर चार हजार मीटरच्या वर, गवताळ थंड पठारावर आहे. दुसरं टोक अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीनशे मीटरवर, घामाच्या धारा लागतील अशा सखल जंगलात. एवढी उंची एकाच उद्यानात सामावल्यामुळे तिथे पक्ष्यांच्या सुमारे एक हजार जाती आहेत. भारतासारख्या खंडप्राय देशात साधारण तेराशेच्या वर जाती आहेत, त्या हिशेबाने हे बघा. जॅग्वार, महाकाय पाणमांजर, काळा केमन (मगरीचा तिकडचा भाऊबंद), टॅपिर, डझनभर जातींची माकडं, नदीकाठच्या मातीच्या कड्यांवर सकाळी सकाळी गोळा होणारे मकाव पोपटांचे थवे, सगळं इथे आहे.

१९७३ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं, १९७७ मध्ये युनेस्कोने त्याला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली आणि १९८७ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. माहितीपत्रकात इथवरचा मजकूर असतो. आपल्याला त्याच्या मागे जायचं आहे.

पहिला टप्पा : कुस्कोहून खाली

समजा, तुम्ही निघालात. इंका साम्राज्याची राजधानी असलेल्या कुस्को शहरातून गाडी पूर्वेकडे निघते. पाउकारताम्बो नावाचं जुनं वसाहतकालीन गाव लागतं, मग साडेतीन हजार मीटरच्या आसपासची अख्खानाको खिंड, आणि तिथून रस्ता जो खाली उतरायला लागतो तो थेट ढगांत शिरतो. याला ढगांचं अरण्य म्हणतात. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे, ऑर्किड यांचा थर, आणि धुकं इतकं की पाऊस पडत नसतानाही झाडं ठिबकत असतात.

इथेच तुमच्या मनात ‘वाह, काय अस्पर्श जंगल!’ येईल. पण ज्या दरीतून हा रस्ता उतरतो ती कोस्निपाता दरी इंकांच्या काळापासून कोकाच्या पानांसाठी प्रसिद्ध होती. डोंगरावरच्या लोकांना कोका हवा होता, तो थंडीत उगवत नाही, म्हणून ते खाली उतरत. स्पॅनिश आले तेव्हा त्यांनीही इथे मळे केले. हा रस्ता म्हणजे त्या जुन्या वाटांचाच वारस.

संशोधकांसाठी ही दरी वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. २००३ पासून इथे वेगवेगळ्या उंचीवर एकेक हेक्टरचे कायमस्वरूपी प्लॉट आखून त्यातल्या प्रत्येक झाडाला नंबर दिलेला आहे. काही वर्षांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा असं दिसलं की झाडांच्या बहुतेक प्रजातींचा मुक्काम दरवर्षी सरासरी अडीच ते साडेतीन मीटर वर सरकतोय. झाडं चालत नाहीत हे उघड आहे. खालच्या बाजूची मरतात, वरच्या बाजूला रोपं जास्त तगतात, आणि सगळा समूह डोंगर चढतो. पण तापमान ज्या वेगाने वाढलं त्या मानाने ही चाल कमी पडते. म्हणजे झाडं मागे पडत चालली आहेत.

शेजारच्याच पांतियाकोया डोंगरावरचं उदाहरण याहून बोलकं आहे. १९८५ मध्ये तिथे एका चमूने पक्ष्यांची उंचीनुसार नीट नोंद करून ठेवली होती. २०१७ मध्ये दुसऱ्या चमूने त्याच वाटेने, त्याच पद्धतीने पुन्हा नोंद केली. बहुतेक पक्षी वर सरकले होते, आणि अगदी शिखराजवळ राहणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. त्यांना आणखी वर जायला डोंगरच उरला नव्हता. इथे कोणी झाड तोडलेलं नाही, कोणी बंदूक चालवलेली नाही, तरी हा बदल झाला. आणि तो आपल्याला कळला कारण ३२ वर्षांपूर्वीची नोंद कोणीतरी नीट जपून ठेवली होती. तुमची फील्ड नोटबुक कशी लिहायची हे ठरवताना हे डोक्यात असू द्या.

दुसरा टप्पा : नदी, रबर आणि एक जहाज

दरी उतरून आतालाया नावाच्या धक्क्यावर आलात की रस्ता सोडायचा आणि बोटीत बसायचं. वरच्या माद्रे दे दिओस नदीने खाली बोका मनूपर्यंत यायचं, तिथे मनू नदी येऊन मिळते. मग वळून मनूच्या प्रवाहाविरुद्ध वर जायचं. दोन्ही काठांवर भिंतीसारखं जंगल, वाळूच्या बेटांवर पहुडलेले केमन, मध्येच पाणी प्यायला उतरलेला कॅपिबारांचा कळप. वसाहत नाही, शेत नाही, विजेचा खांब नाही. शंभर वर्षांत इथे कोणी आलंच नसेल असं वाटावं इतकी शांतता.

पण १८९४ मध्ये याच नदीतून वाफेवर चालणारं एक जहाज गेलं होतं. त्याचं नाव ‘कोन्तामाना’.

ते जहाज तिथे आलं कसं, हा मनूच्या इतिहासातला सगळ्यात विलक्षण आणि सगळ्यात भीषण भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आधी सायकलच्या आणि नंतर मोटारीच्या टायरांमुळे रबराला सोन्याचा भाव आला. रबराची झाडं तेव्हा मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, एकेकटी विखुरलेली होती. कार्लोस फर्मिन फित्सकाराल्द हा पेरूतला रबरसम्राट उरुबाम्बा नदीच्या बाजूने जंगल पालथं घालत होता. १८९३-९४ मध्ये त्याला एक जागा सापडली, जिथे उरुबाम्बाच्या खोऱ्यातला एक ओढा आणि मनूच्या खोऱ्यातला एक ओढा यांच्यामध्ये फक्त दहा-अकरा किलोमीटरची टेकाडांची पट्टी आहे. ती ओलांडली की एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाता येतं. त्याने जहाजाचे भाग सुटे करून, शेकडो आदिवासी मजुरांकरवी ते त्या टेकाडांवरून ओढून नेले आणि पलीकडे पुन्हा जोडून पाण्यात सोडले. तुमच्यापैकी सिनेमावेड्यांना वर्नर हर्झोगचा १९८२ चा चित्रपट आठवला असेल. त्यात सबंध जहाज डोंगरावरून ओढलेलं दाखवलंय. प्रत्यक्षात ते सुटं करून नेलं होतं.

चित्रपटात जे नीटसं येत नाही ते असं, की मनूच्या वरच्या भागात तेव्हा लोक राहत होते. त्यांना माश्को म्हणत. त्यांनी या घुसखोरीला विरोध केला आणि फित्सकाराल्दच्या माणसांनी त्यांची मोठी कत्तल केली. जे वाचले ते नद्या सोडून आत जंगलात पळाले. फित्सकाराल्द स्वतः १८९७ मध्ये उरुबाम्बा नदीत बुडून मेला. रबराचा धंदा त्याच्यानंतरही काही वर्षं चालला, आणि मग कोसळला. तो कोसळण्याचं कारण आशियात होतं. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथे उगवलेली रोपं सिलोन आणि मलायात गेली, आणि पुढे तिथल्या ओळीत लावलेल्या मळ्यांनी अ‍ॅमेझॉनच्या विखुरलेल्या झाडांना बाजारातून उठवलं. १९१० च्या दशकात अ‍ॅमेझॉनमधले रबरवाले निघून गेले. मनूवर पुन्हा जंगलाने ताबा घेतला.

आता त्या शांततेकडे पुन्हा बघा. नदीकाठी वस्ती नाही याचं एक मोठं कारण म्हणजे तिथली वस्ती मारून आणि पळवून लावली गेली. आजही मनूच्या आत आणि आसपास माश्को-पीरो नावाचे लोक बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता राहतात. त्यांना ‘अश्मयुगात थांबलेले लोक’ म्हणणाऱ्या बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. पण बऱ्याच मानववंशशास्त्रज्ञांचं मत असं की ते त्या कत्तलीतून वाचलेल्यांचे वंशज असावेत. शेती केली की एका जागी राहावं लागतं आणि एका जागी राहिलं की सापडतो, म्हणून त्यांनी शेती सोडली असावी. हे बरोबर असेल, तर त्यांचं एकाकीपण एकोणिसाव्या शतकातल्या टायरांच्या बाजाराने घडवलेलं आहे.

तिसरा टप्पा : कातडी, आणि उद्यान कसं झालं

रबरानंतर कातड्यांची पाळी आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेच्या फॅशनला जॅग्वार, ऑसेलॉट, महाकाय पाणमांजर आणि काळा केमन यांची कातडी हवी होती. पेरूच्या अ‍ॅमेझॉनमधून बहुतेक नद्यांमधली पाणमांजरं आणि काळे केमन जवळपास साफ झाले. त्यापाठोपाठ महोगनीसाठी लाकूडवाले आले. मनूपर्यंतही हे सगळं पोचलं, पण उशिरा आणि कमी, कारण जागा अडचणीची होती.

हे थांबवायला हवं असं सांगणारा माणूस कोण होता, तर सेलेस्तिनो कालिनोव्स्की, संग्रहालयांसाठी प्राणी मारून, पेंढा भरून पाठवणाऱ्यांपैकीच एक. त्याचे वडील पोलंडहून आलेले निसर्गसंग्राहक. सेलेस्तिनोने हे जंगल आयुष्यभर पायाखाली घातलं होतं, त्यामुळे काय संपत चाललंय हे त्याला कोणाही शास्त्रज्ञाच्या आधी दिसलं. त्याने सरकारकडे धरणं धरलं. १९६० च्या दशकात इयन ग्रिमवुड हे ब्रिटिश वन्यजीवतज्ज्ञ पेरूचे सल्लागार म्हणून आले. (अरबस्तानातला ओरिक्स हरणवर्ग वाचवण्यासाठी १९६२ मध्ये झालेल्या मोहिमेचे हेच प्रमुख.) त्यांनी पाहणी करून मनूची शिफारस केली. १९६८ मध्ये क्षेत्र राखीव झालं आणि २९ मे १९७३ रोजी, लष्करी राजवटीत, राष्ट्रीय उद्यान.

१९७५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा सायटीस करार अमलात आला आणि कातड्यांचा बाजार बसला. मनूच्या तळ्यांमधली पाणमांजरं आणि केमन तुम्हाला आज दिसतात ते या दोन गोष्टींमुळे, आणि जंगल अडचणीचं असल्यामुळे. म्हणजे ती संख्याही ‘मूळची’ नाही. मोठ्या घसरणीनंतर सावरत आलेली आहे. १९७० च्या दशकात केमन मोजणाऱ्याला आणि आज मोजणाऱ्याला वेगवेगळे आकडे मिळतील, आणि दोघंही आपल्या थिसिसमध्ये ‘अस्पर्श सरोवर’ असंच लिहितील!

चौथा टप्पा : कोचा काशू

मनू नदी नागमोडी आहे आणि दर पावसाळ्यात काठ खाते. एखादं वळण फार वाकलं की नदी ते तोडून सरळ जाते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं, शाळेच्या भूगोलात शिकलोय तसंच. तिथे त्याला ‘कोचा’ म्हणतात. अशाच एका तळ्याकाठी, कोचा काशूवर, १९७० च्या सुमाराला काळ्या केमनच्या अभ्यासासाठी एक लाकडी घर बांधलं गेलं. १९७३ मध्ये जॉन टरबोर्ग हे अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ तिथे आले आणि २०११ पर्यंत त्यांनी ते केंद्र चालवलं. ना रस्ता, ना सुखसोयी. पर्यटकांना प्रवेश नाही. पण उष्ण कटिबंधातल्या जंगलाबद्दल आज आपण पाठ्यपुस्तकात जे शिकतो त्यातलं बरंच काही या घरातून बाहेर आलं आहे.

दोन उदाहरणं देते. पहिलं, १९८६ मध्ये टरबोर्गनी दाखवलं की जंगलात वनस्पतींच्या हजारो जाती असल्या तरी कोरड्या दिवसांत, जेव्हा फळांचा दुष्काळ पडतो, तेव्हा एक टक्क्याहूनही कमी जाती सगळ्या फळखाऊ प्राण्यांना जगवतात. त्यात पाम आहेत, मधाची काही फुलं आहेत, आणि आपल्या वड-उंबर-पिंपळाचे नातलग असलेले अंजीरवर्गीय वृक्ष आहेत. गावाबाहेरच्या उंबरावर भर उन्हाळ्यात पक्ष्यांची जत्रा का भरते हे ज्याने पाहिलंय त्याला हा निष्कर्ष चटकन पटेल.

दुसरं, १९९० चा पक्ष्यांचा अभ्यास. ९७ हेक्टरच्या, म्हणजे एक चौरस किलोमीटरहूनही किंचित लहान प्लॉटमध्ये, तिथे मुक्काम करून असलेल्या २४५ जाती मिळाल्या. हा आकडा काढायला अनेक तज्ज्ञांनी एकाच जागी पहाटेपासून कान लावून बसायचं ठरवलं, बाकी काही जादू नव्हती.

एक गोष्ट इथे मुद्दाम लक्षात घ्या. जे जंगल या सगळ्या अभ्यासांचा पाया आहे, ते स्वतः किती जुनं आहे? १९८६ मध्ये उपग्रहचित्रांवरून पेरूच्या अ‍ॅमेझॉनचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की सखल जंगलाच्या जवळपास चतुर्थांश भागावर नद्यांच्या अलीकडच्या झिजेच्या आणि भरावाच्या खुणा आहेत. नदी एका काठाचं जंगल खाते आणि समोरच्या वाळूवर नवं जंगल उगवतं. आधी झुडपं, मग उंच वेत-गवत, मग सेक्रोपिया, मग अंजीर आणि सीडर. म्हणजे माणूस पूर्णपणे वगळला तरी ‘अनादी अनंत’ असं जंगल तिथे नाहीच. प्रत्येक तुकड्याला त्याचं स्वतःचं वय आहे.

डुकरं गेली, डुकरं आली

माझ्या मते संशोधन सुरू करणाऱ्या प्रत्येकाने मनूमधला एकच निबंध वाचायचा असेल तर तो २००३ चा, पेकारीवरचा. पांढऱ्या ओठांची पेकारी म्हणजे रानडुकरासारखा प्राणी. शंभर-शंभरच्या झुंडीने फिरतो आणि एका काटेरी पामच्या बिया कडाकडा फोडून खातो.

१९७८ मध्ये कोचा काशूच्या परिसरातून ही पेकारी नाहीशी झाली. एकदम. बारा वर्षं दिसली नाही. मग १९९० च्या सुमाराला परत आली. या काळात संशोधकांकडे त्या पामच्या रोपांची मोजणी होती. पेकारी नसताना रोपांची दाटी १.७ पट झाली होती. पेकारी परतल्यावर काही वर्षांत ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. बिया खाणारा एक प्राणी जंगलातल्या एका मुख्य झाडावर किती नियंत्रण ठेवतो याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आता विचार करा. तुम्ही १९८१ मध्ये पीएचडीला लागला असतात आणि १९८६ मध्ये थिसिस जमा केला असता, तर तुमच्या सबंध फील्डवर्कमध्ये एकही पेकारी दिसली नसती. तुम्ही ‘या जंगलात पाम इतका दाट आहे कारण माती अशी, पाऊस असा’ असं उत्तम संख्याशास्त्र लावून लिहिलं असतं. व्हायवासुद्धा छान झाला असता. आणि निष्कर्ष अर्धा राहिला असता, कारण खरं कारण तुम्ही येण्याच्या तीन वर्षं आधी निघून गेलं होतं. तुमच्या डेटात ते दिसलंच नसतं. ते फक्त आधीच्या माणसाच्या वहीत होतं.

उद्यानातली माणसं

इथवर प्राण्यांचं झालं. पण मनूबद्दलचा सगळ्यात तीव्र वाद माणसांबद्दल आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

उद्यानाच्या आत मात्सिगेन्का समाजाची तायाकोमे आणि योमिबातो ही गावं आहेत. उद्यान झालं तेव्हा ते लोक तिथे होतेच. १९७३ नंतर नियम आला : बंदुकीने शिकार नाही, धनुष्यबाणाने पोटापुरती चालेल. तायाकोमेला असलेले मिशनरी गेले, त्यांच्याबरोबर शाळा आणि बंदुकाही गेल्या, आणि बरीच कुटुंबं त्यांच्यामागे उद्यानाबाहेर निघून गेली. जे राहिले त्यांना जंगल मिळालं, पण दवाखाना, शाळा, बाजार यांसाठी पुढे बरीच वर्षं वाट बघावी लागली.

टरबोर्गनी १९९९ च्या ‘रिक्विएम फॉर नेचर’ या पुस्तकात आपली बाजू स्पष्ट मांडली. लोकसंख्या वाढेल, गरजा वाढतील, आणि आज ना उद्या उद्यान रिकामं होईल. म्हणून लोकांनी स्वेच्छेने बाहेर जावं अशी योजना हवी. तीस वर्षं एका जंगलात घालवलेल्या माणसाची ही भीती आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. शिकारीने पोखरलेली जंगलं त्यांनी पाहिली होती : झाडं उभी, पण आत माकड नाही, मोठा पक्षी नाही.

दुसऱ्या बाजूने ग्लेन शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? त्यांनी भाषण दिलं नाही, मोजणी केली. मात्सिगेन्का शिकाऱ्यांनाच नोंदी ठेवण्यात सामील करून घेतलं, आणि आलेले आकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस योमिबातोत झालेल्या जुन्या अभ्यासाशी ताडून पाहिले. २००७ मध्ये निष्कर्ष आला की मधल्या काळात शिकारीत मिळणाऱ्या प्राण्यांचं प्रमाण फारसं बदललेलं नाही. स्पायडर मंकीसारखी सावकाश वाढणारी माकडं मात्र गावाच्या जवळपास कमी झाली आहेत. २००९ मध्ये त्याच गटाच्या मॉडेलने दाखवलं की धनुष्यबाणाने होणारी शिकार गावाभोवतीच्या मर्यादित पट्ट्यावर परिणाम करते, पण बंदुका आल्या तर तो पट्टा फार मोठा होईल. लोक किती आहेत याच्याइतकंच हत्यार कोणतं आणि वस्ती कशी पसरते याला महत्त्व आहे.

या निष्कर्षाने कोण जिंकलं? मला वाटतं, दोघांनाही तो गैरसोयीचा आहे. ‘माणूस असला की जंगल संपलंच’ हे आकडे सांगत नाहीत. पण ‘आदिवासी निसर्गतःच संवर्धन करतात’ हेही ते सांगत नाहीत, कारण धनुष्यबाण हा इथे निव्वळ परंपरेचा भाग नाही, तो उद्यानाचा नियम आहे. आणि तो नियम पाळण्याची किंमत मात्सिगेन्का देतात. शहरातल्या माणसाला ‘परंपरागत’ वाटणारं आयुष्य जगण्याची सक्ती कोणावर किती करायची, हा प्रश्न कुठलंही मॉडेल सोडवत नाही. पर्यटनातून वाटा मिळावा म्हणून या दोन गावांनी कोचा साल्वादोरजवळ ‘कासा मात्सिगेन्का’ नावाचा स्वतःचा साधा निवारा चालवायला घेतला आहे. कधी गेलात तर तिथे राहता येईल का ते नक्की विचारा.

मग आपण काय करायचं?

मनूला जाण्याची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळेल. पण मनू वाचून आलेली सवय मेळघाटात, ताडोबात, कोयनेत किंवा म्हादईच्या खोऱ्यातही उपयोगाची आहे. ताडोबाचंच बघा. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ चा. आज पर्यटक ज्या कुरणांवर चितळांचे कळप आणि त्यामागे वाघ पाहतात, त्यातली पांढरपौनी, जामणी ही कुरणं म्हणजे उठलेल्या गावांची जुनी शेतं आहेत. तिथे गवताचा अभ्यास करायचा आणि नांगराचा उल्लेखच करायचा नाही, असं करून कसं चालेल?

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी आपल्या अभ्यासक्षेत्राबद्दल एवढ्या गोष्टी शोधा :

१. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत इथून काय बाहेर गेलं? लाकूड, कोळसा, कातडी, डिंक, तेंदूपान? त्यासाठी जिल्हा गॅझेटियर आणि वनविभागाच्या जुन्या कार्य आयोजना बघा. विदर्भात असाल तर निस्तार पत्रकात कोणत्या गावाला कोणत्या जंगलातून काय घेण्याचा हक्क होता ते मिळतं.

२. इथे कोण राहत होतं, आणि ते का गेलं? कागदांवर भागत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं. त्यांची परवानगी घेऊन, आणि त्यांचं नाव घालायचं की नाही हे त्यांना विचारून.

३. आज इथे कोणता प्राणी किंवा झाड ‘नाही’, पण असायला हवं होतं? जुनी शिकारवर्णनं, हर्बेरियममधले नमुने आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंक इथे सोनं आहेत. ते नियतकालिक १८८६ पासून निघतंय.

४. आधी कोणी इथे काम केलंय का, आणि त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करता येईल का? ‘नवीन काय?’ या प्रश्नाच्या धाकाने आपण पुनर्मोजणीला कमी लेखतो. पांतियाकोयाचा निष्कर्ष निव्वळ पुनर्मोजणीतून आलाय हे गाइडला जरूर सांगा.

५. आणि तुमच्या नोंदी तुमच्यानंतर येणाऱ्याला वाचता येतील का? जीपीएस बिंदू, तारीख, वेळ, पद्धत, आणि काय ‘दिसलं नाही’ तेही. पेकारी दिसली नाही ही नोंद नसती, तर २००३ चा निबंध झालाच नसता.

एवढं केल्यावर ‘तुलनेने अस्पर्श’ हे शब्द तुमच्या सिनॉप्सिसमधून कदाचित आपोआप गळून पडतील. त्याजागी ‘अमुक सालापासून वृक्षतोड बंद, अमुक साली गाव हलवलं, अमुक प्राणी अमुक दशकानंतर नोंदलेला नाही’ अशी चार-पाच रुक्ष वाक्यं येतील. परीक्षकाला ती कदाचित कंटाळवाणी वाटतील, पण आकडे विचित्र यायला लागले की तुम्ही पहिल्यांदा तिथेच परत जाल.

पुढच्या लेखात याच धाग्याने गॅझेटियर कसं वाचायचं ते बघू. म्हणजे त्यातलं काय घ्यायचं, कशावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, आणि जुन्या मैल-एकरांचं रूपांतर करताना काय सांभाळायचं. तोवर तुमच्या अभ्यासक्षेत्राबद्दल वरच्या पाच प्रश्नांपैकी किती उत्तरं आत्ता देता येतात ते एका कागदावर लिहून बघा. दोनच आली तरी हरकत नाही, सुरुवात तिथूनच करायची.